प्रकाश सापळा आणि घरातील वीजजोडणी : काही रूढ गैरसमज

वळिवाच्या पहिल्या दमदार सरीनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ यांसारख्या झाडांवर गोळा होतात. त्याच सुमारास गावोगावी प्रकाश सापळे उभे राहतात. राजस्थानातील भुईमूग असो, उत्तर प्रदेशातील वा महाराष्ट्रातील ऊस असो, हुमणीच्या प्रौढ अवस्थेवर हाच सर्वांत स्वस्त आणि विषविरहित उपाय आहे. पुढे खरिपात भातावरील खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी आणि तुडतुडे यांच्या सर्वेक्षणासाठीही सापळा उपयोगी पडतो.

या सापळ्याची रचना मात्र विजेच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. लोखंडी तिकाटण्याला टांगलेला दिवा, त्याखाली रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्याची पत्र्याची पाटी, भोवती पावसाने भिजलेली जमीन आणि भुंगेरे गोळा करणाऱ्याचे ओले हात. वीज बहुतेक वेळा शेतातील घराच्या पडवीतील सॉकेटमधून, लांब वायर ओढून घेतलेली असते. आपल्या शिफारशींत दिवा किती वॅटचा असावा, तो किती उंचीवर टांगावा, किती वाजेपर्यंत चालू ठेवावा हे सर्व असते. वायर कोणती असावी आणि ती कोणत्या प्रकारच्या जोडणीला लावावी, याचा उल्लेख क्वचितच असतो. सापळ्याची शिफारस करणाऱ्यांवर याची जबाबदारी येते, म्हणून कीटकशास्त्राच्या चौकटीबाहेरचा हा विषय येथे घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रक्षेत्र भेटीत भुंगेऱ्यांची मोजणी करण्यासाठी मी सापळ्याच्या पाटीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. घरमालक जाणते, प्रयोगशील शेतकरी होते. ते शांतपणे म्हणाले, "घरात एमसीबी बसवली आहे, अर्थिंगही केले आहे. पावसाळ्यात एवढा बारीक करंट येतोच." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एमसीबी खरोखर होती, अर्थिंगचा खड्डाही होता. तरीही पाटीत करंट उतरला होता आणि घरातील कोणत्याही साधनाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नव्हती. असे का होते, हे समजून घेतले की घरातील वीजजोडणीविषयीचे बहुतेक गैरसमज आपोआप उलगडतात.

प्रत्येक साधनाचे काम वेगळे

ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर उपजीविका करतो. शेतात अळ्या दिसू लागल्यावर ट्रायकोकार्ड लावून काही साधत नाही, हे विस्तार कार्यकर्ते नेहमी सांगतात. उपाय चांगला असतो, पण त्याचे लक्ष्य ठरलेले असते. वीजसुरक्षेच्या साधनांचेही तसेच आहे. एमसीबी वायरीचे रक्षण करते. अर्थिंगची वायर दोषाच्या प्रवाहाला परतीची वाट देते. आरसीसीबी माणसाचे रक्षण करते. या तिघांची कामे एकमेकांना पूरक आहेत, परंतु एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

गैरसमज पहिला : एमसीबी असली की शॉक लागत नाही

एमसीबी दोन गोष्टी ओळखते : ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक भार आणि शॉर्ट सर्किट. 16 अँपिअरची एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. याउलट, मानवी शरीरातून सुमारे 10 मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि 30 मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध 1,000 ओहमच्या आसपास धरला, तर 230 व्होल्टला त्याच्या शरीरातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. 60 वॅटचा साधा दिवा याहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे 260 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. दिवा लावल्यावर एमसीबी पडत नाही. मग त्याहून कमी प्रवाह माणसातून जात असताना ती पडेल, ही अपेक्षा कशी ठेवता येईल?

हे काम आरसीसीबीचे आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, याची ती सतत तुलना करते. माणसाच्या शरीरातून, ओल्या भिंतीतून किंवा पाटीतून काही प्रवाह जमिनीत गेला की हिशेब जुळत नाही आणि ती पुरवठा तोडते. घरगुती वापरासाठी 30 मिलिअँपिअर संवेदनशीलतेची आरसीसीबी घ्यावी. तेवढ्या गळतीला ती जास्तीत जास्त 300 मिलिसेकंदांत पडणे मानकानुसार अपेक्षित आहे, आणि गळती पाचपट असेल तर 40 मिलिसेकंदांत.

तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ती ओळखू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो माणस आणि दिवा यांत फरक नसतो. अतिरिक्त भारही तिला कळत नाही, म्हणून एमसीबी काढून तिच्या जागी आरसीसीबी बसवणे चुकीचे आहे. दोन्ही हव्यात, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारी आरसीबीओ घ्यावी. तसेच तिच्यावरील ‘टेस्ट’ बटण शोभेचे नाही. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर पुरवठा बंद झाला नाही, तर आरसीसीबी बदलून घ्यावी.

गैरसमज दुसरा : अर्थिंग केले की सगळा करंट जमिनीत जातो

आपल्या बोलण्यात जमीन ही वीज गिळून टाकणारी वस्तू असते. वस्तुतः घरातील दोषाचा प्रवाह अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत शिरतो, रोहित्राजवळच्या अर्थिंगमधून वर येतो आणि रोहित्राच्या न्यूट्रलला परत मिळतो. या संपूर्ण वाटेचा रोध किती, यावर सारे अवलंबून असते.

एक साधा हिशेब पाहू. या वाटेचा एकूण रोध 10 ओहम आहे असे माना. फेजची वायर फ्रिजच्या पत्र्याला टेकली, तर 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर प्रवाह वाहेल. आकडा मोठा वाटतो. पण 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढ्या प्रवाहावर पडण्यासाठी तासभरही लागू शकतो. तत्काळ पडण्यासाठी प्रचलित ‘सी’ प्रकारच्या एमसीबीला तिच्या क्षमतेच्या पाच ते दहापट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर प्रवाह लागतो. दरम्यान, 10 ओहमपैकी 8 ओहम आपल्या खड्ड्याचे असतील, तर फ्रिजच्या पत्र्यावर 184 व्होल्ट टिकून राहतात. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही पत्रा जिवंत आहे.

खड्ड्याचा रोध मातीवर ठरतो. ओलसर काळ्या मातीत तो कमी असतो. राजस्थानातील कोरड्या वाळूत, कोकण-गोव्यातील जांभ्यात किंवा दख्खनच्या मुरमाड माळावर तो कितीतरी वाढतो. काळी जमीनही उन्हाळ्यात भेगाळली की इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी केलेले अर्थिंग आज तितकेच चांगले आहे, असे गृहीत धरता येत नाही. वायरमनकडून अर्थ टेस्टरने त्याचा रोध मोजून घेणे, हाच खात्रीचा मार्ग. खड्ड्यात मीठ भरभरून टाकल्याने काही काळ रोध कमी होतो, पण गॅल्व्हनाइज्ड पाइपला गंज लवकर चढतो, हेही लक्षात असू द्यावे.

आरसीसीबी बसवली की हेच मध्यम प्रतीचे अर्थिंगही पुरेसे ठरते. वाटेचा रोध 100 ओहम असला तरी 2.3 अँपिअर, म्हणजे 2,300 मिलिअँपिअर गळती होईल आणि आरसीसीबी क्षणात पडेल. मग अर्थिंगशिवाय नुसती आरसीसीबी चालेल का? ती पडेल, पण कोणीतरी पत्र्याला हात लावल्यावर, त्याच्या शरीरातून गळती सुरू झाल्यावर. अर्थिंगची वायर असेल तर दोष निर्माण होताच ती पडते आणि शॉक कोणालाही बसत नाही. म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून उपकरण चालवणे म्हणजे ही आगाऊ सूचना बंद करणे होय. ती पिन लांब असते, कारण प्लग घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. ती जाड असते, कारण ती चुकून फेजच्या छिद्रात जाऊ नये.

गैरसमज तिसरा : न्यूट्रल आणि अर्थिंग एकच

दोन्ही वायरी शेवटी जमिनीलाच जोडलेल्या असतात, मग सॉकेटमध्ये त्या एकमेकींना जोडल्या तर काय बिघडले, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. अर्थिंगची वेगळी वायर ओढण्याचा खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी असे केलेही जाते. न्यूट्रल ही रोजचा प्रवाह वाहून नेणारी वायर आहे. ती खांबावर किंवा मीटरजवळ तुटली, तर चालू उपकरणांतून आलेला फेजचा दाब न्यूट्रलवर येतो आणि सॉकेटमधील त्या जोडामुळे थेट फ्रिज, धुलाईयंत्र, पंप यांच्या पत्र्यावर पोहोचतो. उपकरणात काहीही दोष नसताना घरातील प्रत्येक धातूची वस्तू एकाच वेळी जिवंत होते. म्हणूनच न्यूट्रलला हात लावला तरी काही होत नाही, हा समजही सोडून द्यावा.

शेतात याच गैरसमजाचे दुसरे रूप दिसते. कृषिपंपाच्या जोडणीत अनेक ठिकाणी तीन फेज असतात, न्यूट्रल नसते. अशा वेळी दिव्याची एक वायर फेजला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडून सापळा पेटवला जातो. दिवा लागतो, म्हणून जोडणी बरोबर वाटते. परंतु सळईचा रोध 100 ओहम असेल, तर 100 वॅटच्या दिव्याच्या प्रवाहाने सळईवर सुमारे 36 व्होल्टचा दाब राहतो आणि भोवतालच्या जमिनीत तो अंतराबरोबर कमी होत जातो. सळई उपटली गेली किंवा वायर तिच्यापासून सुटली, तर त्या सुटलेल्या टोकावर पूर्ण 230 व्होल्ट असतात.

जनावरांना याचा धोका माणसापेक्षा अधिक आहे. गाय-बैलांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा अधिक अंतर असते, त्यामुळे त्यांच्या पायांदरम्यान अधिक दाब येतो आणि प्रवाहाची वाट छातीतून जाते. खुरांखाली चप्पल नसते आणि गोठ्याची जमीन मूत्राने व शेणाने ओली असते. माणसाला झिणझिण्या आणणारा दोष गोठ्यात जनावर दगावण्यास पुरेसा ठरू शकतो. जनावर गव्हाणीशी किंवा पाण्याच्या हौदाशी जाण्यास अचानक नाखूश झाले, तर आजाराबरोबरच विजेची गळतीही तपासावी.

गैरसमज चौथा : बटण बंद म्हणजे वीज बंद

बटण फेजच्या वायरीत असेल, तरच हे खरे. ते चुकून न्यूट्रलमध्ये बसवलेले असेल, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज कायम असते. आपल्याकडील प्रचलित पद्धतीत फेजसाठी लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी वायर वापरतात. मात्र जुन्या घरांत हाती लागली ती वायर वापरलेली असते. रंगावर विसंबून हात घालू नये.

निऑन टेस्टरही पूर्ण विश्वासाचा नाही. भर उन्हात त्याचा प्रकाश दिसत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद लागतो किंवा लागतच नाही. टेस्टर लागला तर वीज आहे असे समजावे. लागला नाही, तर वीज नाही असे समजू नये. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या फेऱ्यातील तारा जिवंत राहतात. जनरेटर थेट सॉकेटमध्ये जोडून घर उजळवणे तर अक्षम्य आहे. ती वीज उलट दिशेने रोहित्रापर्यंत जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते.

रबरी चपलेचा भरवसाही असाच अर्धवट. भिजलेली, झिजलेली, खिळा रुतलेली चप्पल रोधक राहत नाही. दुसरा हात ओल्या भिंतीला किंवा लोखंडी खांबाला टेकला असेल, तर प्रवाहाला पायाची वाट लागतच नाही.

गैरसमज पाचवा : एमसीबी सारखी पडते, म्हणजे मोठी बसवावी

एमसीबी वायरीच्या जाडीशी जुळवून निवडलेली असते. साधारणपणे दिव्यांच्या फेऱ्यासाठी 1.5 चौरस मिमी, 16 अँपिअरच्या सॉकेटसाठी 2.5 चौरस मिमी आणि गिझर किंवा वातानुकूलन यंत्रासाठी 4 चौरस मिमी तांब्याची वायर वापरली जाते. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता चौपट होते. 2.5 चौरस मिमीच्या वायरीवर 32 अँपिअरची एमसीबी बसवली, तर एमसीबी पडायची थांबेल, पण भिंतीतील नळीत वायरीचे आवरण करपत राहील. किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याच्या वायरीचे पदर गुंडाळणे हा याच चुकीचा जुना अवतार.

सैल जोड मात्र एमसीबीलाही कळत नाही आणि आरसीसीबीलाही नाही, कारण त्यात प्रवाह वाढत नाही आणि गळतीही होत नाही. केवळ तेवढी जागा तापत राहते. तपकिरी पडलेले सॉकेट, जळकट वास, मिचमिचणारा दिवा, गरम लागणारा प्लग ही त्याची लक्षणे. येथे साधन नव्हे, आपले नाक आणि डोळे हाच बंदोबस्त.

बोर्डातील मुंग्या आणि कुंभारमाशा

या एका बाबतीत कीटकशास्त्रज्ञाला थेट बोलण्याचा अधिकार आहे. मुंग्या स्विचबोर्डात शिरतात, त्यांची मेलेली शरीरे आणि आणलेली माती संपर्कबिंदूंमध्ये अडकते. कुंभारमाशी सॉकेटच्या छिद्रांत मातीचे घरटे बांधते. वाळवी जमिनीतील केबलचे आवरण कुरतडते, आणि उंदीर तर कुरतडतातच. यावर बोर्डात कीटकनाशकाचा फवारा मारण्याची सवय घातक आहे. पाण्यात मिसळलेले द्रावण वीज वाहून नेते, तर रॉकेल किंवा ज्वलनशील वायू असलेले फवारे ठिणगीने पेट घेऊ शकतात. मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, वायरमनकडून बोर्ड उघडून कोरड्या ब्रशने साफ करून घ्यावा. वायरीच्या नळ्यांची तोंडे बुजवावीत आणि मुंग्यांसाठी बोर्डाबाहेर, त्यांच्या वाटेवर आमिष ठेवावे.

सापळा लावण्यापूर्वी

आता सुरुवातीच्या सापळ्याकडे वळू. तपासल्यावर दोष साधा निघाला. होल्डरच्या तडकलेल्या भागातून फेजची वायर लोखंडी तिकाटण्याला टेकत होती. पडवीतून आणलेली वायर दोनच पदरांची होती, त्यामुळे घरातील अर्थिंगचा खड्डा सापळ्यापर्यंत पोहोचतच नव्हता. गळती काही मिलिअँपिअरची होती, म्हणून 16 अँपिअरच्या एमसीबीला ती कळण्याचे कारण नव्हते. आरसीसीबी बसवलेली नव्हती. त्या संध्याकाळी जमीन जेमतेम ओली होती, म्हणून झिणझिण्यांवर निभावले. मुसळधार पावसात, अनवाणी पायांनी घरातील एखादे मूल भुंगेरे पाहायला गेले असते, तर निभावले नसते.

सापळ्याची शिफारस करताना विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींची खातरजमा करावी :

• शक्य असेल तेथे 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा सौर प्रकाश सापळा सुचवावा. शॉकचा प्रश्नच उरत नाही.

• घरच्या विजेवरील सापळा 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेल्या सॉकेटलाच जोडावा. लावण्यापूर्वी ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे.

• वायर तीन पदरांची, बाहेरून जाड आवरण असलेली आणि एकसंध असावी. वाटेत टेप गुंडाळलेला जोड नसावा. अर्थिंगचा पदर तिकाटण्याला घट्ट जोडावा.

• होल्डर पाऊस न शिरणारा असावा आणि पाटी पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची असावी.

• भुंगेरे गोळा करण्यापूर्वी नुसते बटण बंद न करता प्लग सॉकेटमधून काढावा.

• फेज आणि जमीन अशी जोडणी कोणत्याही कारणाने करू नये.

• कपडे वाळवण्याची तार पत्र्याच्या शेडला किंवा विजेची वायर गेलेल्या खांबाला बांधलेली असेल, तर ती त्याच भेटीत काढायला लावावी. तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधावी.

कोणाला शॉक बसून तो चिकटलेला दिसला, तर त्याला हात न लावता प्रथम पुरवठा तोडावा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करावे. श्वास थांबला असेल, तर छातीदाब सुरू करून 112 या क्रमांकावर मदत मागवावी.

कीड व्यवस्थापनात आपण शेतकऱ्यांना सांगतो की, आर्थिक नुकसानीची पातळी गाठेपर्यंत थोडी कीड सहन करावी. विजेच्या गळतीला अशी कोणतीही सहनपातळी नाही. "एवढा बारीक करंट येतोच" हे वाक्य ज्या घरात ऐकू येईल, तेथे सापळ्याचा विषय बाजूला ठेवावा आणि आधी वायरमनला बोलवायला सांगावे.